अकरा मिनिटांचा उजेड

माणसाने आजवर जेवढे म्हणून मोठे प्रवास केले, ते सगळे शेवटी उजेडाच्या दिशेनेच केले. नागपूर स्टेशनवर गाडीची वाट पाहताना हा विचार मला फार खोल वाटला. खरी गोष्ट अशी की माझ्या सहा रजा मार्चअखेर बुडणार होत्या. आणि ज्या उजेडासाठी मी निघालो होतो, तो करंगळीच्या नखापेक्षा लहान होता आणि अकरा मिनिटांत विझत असे.

हा उजेड प्लास्टिकचा. प्लास्टिकमधून वीज जात नाही, हे आपल्याला शाळेत शिकवतात आणि वायरीवरचं वेष्टन पाहून ते पटतंही. पण एकोणीसशे एक्याण्णवच्या सुमारास नागपुरात आमच्या प्रयोगशाळेत एका परदेशी लेखाची छायाप्रत आली. तिच्यात म्हटलं होतं की एका विशिष्ट जातीच्या प्लास्टिकचा पातळ पापुद्रा दोन वीजवाहक थरांच्या मध्ये ठेवून वीज सोडली, तर तो पापुद्रा स्वतः प्रकाशतो. सोबत फोटो होता. प्रतीची प्रत, तिची प्रत काढत काढत तो आमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्या उजेडाचा काळा डाग झाला होता. गिरिजा आणि मी तासभर त्या डागाकडे बघत बसलो होतो. इतक्या आनंदाने मी नंतर फार कशाकडे बघितलेलं नाही.

गिरिजा माझ्याबरोबर संशोधन करत होती. ती कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेसरीकडची. घरात कानडी आणि मराठी दोन्ही. तिकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. पहिल्या आठवड्यात आम्ही त्यावर हसलो, दुसऱ्या आठवड्यात सवय झाली, आणि पुढची बारा वर्षं नागपुरात कुठे कुणी बाई तसं बोलली तर मी वळून बघत आलो.

दोन वर्षांनी मला कायमची नोकरी लागली. मी एका सरकारी प्रयोगशाळेत विजेचे मीटर तपासतो. दुसऱ्याच्या घरी किती उजेड पडला एवढं मोजायचं. तो कसा पडला याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. गिरिजा पदवी घेऊन कोल्हापूरला एका कॉलेजात लागली आणि तिथे एकटीने ते काम पुढे करत राहिली. वर्षातून एखादं पत्र येई. शेवटी सहीच्या खाली फक्त एक आकडा असे: 'चार सेकंद.' 'पन्नास सेकंद.' 'तीन मिनिटं.' दोन हजार चारच्या जानेवारीत पत्र आलं: 'अकरा मिनिटं. विज्ञान दिनाला कॉलेजात दाखवणार आहे. येतोस?'

गुरुवार, कोल्हापूर

नागपूरहून कोल्हापूरला जाणारी गाडी अख्ख्या महाराष्ट्राची खानेसुमारी करायला निघाल्यासारखी दारोदार थांबत जाते. तो भाग मी वाचकांना माफ करतो.

रिक्षात बसल्या बसल्या चालक म्हणाला, "पावणं, पयल्यांदाच आलासा न्हवं?"

"कशावरून?"

"ब्याग मांडीवर घिऊन बसलाय. ठेवा की खाली. काय चावती व्हय ती?"

आमच्याकडे रिक्षावाला असं बोलला असता तर ते भांडण ठरलं असतं. इथे ते स्वागत होतं. हा फरक कळायला मला दीड दिवस लागला, आणि तोवर मी दोघातिघांवर उगाच डोळे वटारून घेतले.

ऑफिसातल्या प्रत्येकाने मला तांबडा रस्सा, पांढरा रस्सा यांची शपथ घातली होती. सावजीवर वाढलेल्या माणसाला तिखटाची भीती नव्हती. पण गिरिजाचं घर लिंगायताचं, तिथे अंडंही उंबरा ओलांडत नाही. तेव्हा कोल्हापुरातल्या चार दिवसांत मी जे खाल्लं ते असं: ज्वारीची भाकरी, झुणका, शेंगदाण्याची चटणी, आणि हुग्गी. हुग्गी म्हणजे गव्हाची, गुळाची दाट खीर. ती पातळ असते असं समजून मी पहिल्यांदा वाटीला तोंड लावलं, तेव्हा गिरिजाच्या आईने, म्हणजे अव्वांनी, न बोलता चमचा पुढे केला.

अव्वा मला तम्मा म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. त्यांनी चौकशी थेट मुळापासून सुरू केली.

"तम्मा, लगीन झालंय न्हवं तुजं?"

"झालं, अव्वा."

"कवा?"

"दहा वर्षं झाली."

"आन् ही सांगतिया नुसतं मित्र हाय, मित्र हाय. मग बायकू कुठं हाय?"

"ती बँकेत आहे. तिला रजा नव्हती."

"बरं, बरं," अव्वा म्हणाल्या, आणि ते बरं नेमकं कशाबद्दल होतं ते मला कळलं नाही. गिरिजाने न विचारता माझ्या वाटीत आणखी हुग्गी वाढली. केसांत थोडी पांढरी रेघ सोडली तर ती तशीच होती. बोटांची टोकं मात्र रसायनांनी सोलवटलेली.

दुपारी तिने कॉलेजातली तिची प्रयोगाची खोली दाखवली. वरच्या मजल्यावर, अरुंद व्हरांड्याच्या टोकाला. पूर्वी तिथे क्रिकेटचं सामान ठेवत. परदेशात या कामाला कोरडा वायू भरलेली बंद पेटी लागते, हातमोज्यांतून आत हात घालून काम करतात. इथे पेटी नव्हती. वीजवाहक थर असलेल्या काचेवर केशरी द्रावणाचा थेंब टाकून ती गरगर फिरवायची, म्हणजे साबणाच्या फुग्याच्या सालीएवढा पापुद्रा पसरतो. त्यासाठी घरच्या मिक्सरची मोटर बसवली होती. बटण एक, दोन, तीन.

"मी तीनवर फिरवतो," गिरिजा म्हणाली. "दोनवर चटणी बरी होते."

पुढचं काम निर्वात भांड्यात. धातूची वाफ करून ती पापुद्र्यावर बसवायची. ती हवी तिथेच बसावी म्हणून मध्ये भोकं पाडलेला पत्रा धरायचा, रांगोळीच्या छाप्यासारखा. जिथे भोक, तिथे धातू. जिथे धातू, तिथे उजेड. मग नऊ व्होल्टची बॅटरी, रेडिओत घालतात ती. उजेड पडतो, आणि खोलीतली हवा आणि ओल त्याला खाऊन टाकायला लागतात.

"रंग कसा असतो?" मी विचारलं.

"तुझ्या गावचा. संत्र्याच्या सालीसारखा." ती पंपाचा आवाज ऐकत होती. "बारा वर्षांत माझ्याशिवाय कुणी धड बघितलं नाही विलास. शिपाई बघतो, पण तो प्रत्येक वेळी विचारतो, ह्यात वाचता येतंय का?"

मग तिने खरी अडचण सांगितली. कॉलेजला संगणक कक्ष हवा होता आणि सगळ्यांची बोटं याच खोलीकडे वळली होती. प्राचार्यांनी एवढं कबूल केलं होतं की विज्ञान दिनाच्या प्रमुख पाहुण्यांनी तो उजेड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, तर खोली तिच्याकडे राहील. नाही तर सामान बांधायचं. ते बांधून कुठे न्यायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवार, हुपरी

जुना पत्रा वाकला होता, म्हणून नवा आणायला आम्ही एसटीने हुपरीला गेलो. हुपरी हे चांदीचं गाव. घराघरांत पैंजणं होतात. ओसरीवर बायका कड्या जोडतात, आत पुरुष भट्टीपाशी, आणि गल्लीभर बारीक हातोड्यांचा आवाज, जणू सगळं गाव एकाच घड्याळात राहतं. आमच्या इतवारीतले सराफ दागिना दाखवताना आवाज खाली आणतात. इथे दागिन्यावरून मोठमोठ्याने भांडणं चालली होती.

गिरिजाचे कारागीर तात्या, साठीचे, कपाळावर भिंग चढवलेलं. त्यांच्याकडे तिने आठवडाभरापूर्वी काम सांगून ठेवलं होतं: पातळ पितळी पत्रा, त्यात चार साध्या खाचा, दोन मिलिमीटर रुंद. तात्यांनी कागदाची पुडी उघडली. पत्र्यात खाचा नव्हत्या. चार कोयऱ्या होत्या. प्रत्येकीची शेपटी वळलेली, केसाएवढी बारीक.

गिरिजाने पत्रा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, "तात्या, मी खाचा सांगितलत्या."

"सांगितलत्या की."

"मग हे काय?"

"बाई, असली उघडीबोडकी भोकं पाडून दिली आन् उद्या कुणी इचारलं कुठनं केलंय, तर तुम्ही माजंच नाव सांगणार न्हवं?"

"हे कुणाच्या पायात घालायचं नाही तात्या. यंत्रात जाणार. कुणाला दिसणारसुद्धा नाही."

"दिसंना का. मला म्हाईत हाय न्हवं." तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पावणं, तुम्ही सांगा. वंगाळ दिसतंय व्हय?"

वंगाळ दिसत नव्हतं. मी आयुष्यात इतकी सुंदर चूक पाहिली नव्हती. पण पत्रा माझा नव्हता, म्हणून मी गिरिजाकडे पाहिलं.

"दुसरा करून द्याल?"

"दितो की. मंगळवारी."

कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता. गिरिजाने पुडी पर्समध्ये ठेवली. तात्यांच्या सूनबाईंनी चहा दिला, गोड इतका की त्यात कोयरी उभी राहिली असती. बसमध्ये खिडकीशी बसून गिरिजा पत्रा उजेडात धरून बघत राहिली. मध्येच तिला हसू आलं आणि तिने ते तोंडात पदर धरून दाबलं. नागपुरात ती असंच हसू दाबायची, गाईड चिडले की.

संध्याकाळपर्यंत दोन काचा तयार झाल्या. दोन्हींवर चार चार कोयऱ्या, मुख्य डाव आणि राखीव. पेटवून बघितल्या नाहीत. पेटवून बघायचं म्हणजे आयुष्य खर्चायचं, आणि तेच कमी होतं. झाकणाच्या दोन बरण्यांत, ओल शोषणाऱ्या दाण्यांवर, तिने त्या ठेवल्या.

"उद्या मी पण पहिल्यांदाच बघणार," ती म्हणाली. "तुझ्याबरोबरच."

शनिवार, विज्ञान दिन

प्राचार्यांना रात्री एक कल्पना सुचली होती. विज्ञान दिन आहे, तर समई कशाला? पाहुण्यांनी बटण दाबून प्लास्टिकचा दिवा पेटवावा आणि उद्घाटन झाल्याचं जाहीर व्हावं. कल्पना वाईट नव्हती. पडदे ओढून सभागृहात अंधार करून ठेवला होता. व्यासपीठावर पांढरा टेबलक्लॉथ, बरणी, बॅटरी, चिमटा लावलेली वायर, आणि दारावरच्या घंटीचं बटण.

पाहुणे कागलच्या औद्योगिक वसाहतीतले कारखानदार. दहाला येणार होते. साडेनऊला गिरिजाच्या हातात औक्षणाचं ताट देण्यात आलं.

"तुम्ही फाटकाशी थांबा मॅडम," प्राचार्य म्हणाले.

"सर, दिवा मी लावणार आहे ना?"

"अहो, पण औक्षण कोण करणार?"

विभागात बाई ती एकटीच. तेव्हा बारा वर्षं उजेडावर काम केलेल्या माणसाला फाटकाशी तेलाचं निरांजन घेऊन उभं राहावं लागलं. जाताना ती मला म्हणाली, "पाहुणे खुर्चीत बसले की मगच झाकण काढ. आधी नाही. प्राचार्य सांगोत की देव सांगो."

मी बरणीशेजारी उभा राहिलो. सव्वादहाला निरोप आला, साहेब निघाले. आपल्याकडे निघणं ही क्रिया नसून इच्छा असते, हे नागपूर आणि कोल्हापूर दोन्हीकडे सारखंच. पावणेअकराला पुन्हा निरोप आला, साहेब निघाले. व्यासपीठावर चार विश्वस्त चुळबुळ करू लागले. तेवढ्यात निवेदकाने माईक हातात घेतला आणि वेळ भरून काढण्यासाठी 'नागपूरहून खास आलेले ज्येष्ठ शास्त्रज्ञ' यांचा फेटा बांधून सत्कार होईल असं जाहीर केलं. मी त्या शास्त्रज्ञाला शोधत मागे पाहिलं. तो मीच होतो.

मला टेबलापासून चार पावलं पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून उभं केलं. एकाने कापडाचं टोक धरलं, दुसरा पीळ देऊ लागला. कोल्हापुरी फेटा लांब असतो, आणि तो बांधणारा माणूस आपली कला घाईत उरकत नाही. आयुष्यभर मी हारतुऱ्यांना हसत आलो. आता एक पदर माझ्या भुवयांवर आला होता आणि मागे कुणीतरी बरणीचं झाकण काढल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"एकदा तालीम घेऊन टाकू," प्राचार्य म्हणत होते. "ऐन वेळी फजिती नको."

"जरा थांबा," मी म्हणालो.

"हलू नका पावणं," फेटेवाला म्हणाला, "पीळ सुटतोय."

"मला मागे बघायचंय."

"बघा की मग. आदी फोटू हू द्या. अर्धा फेटा घिऊन वळलासा तर काय दिसंल ते?"

मागे बटण दाबलं गेलं.

"आरं, लागलं की!"

"कुठं?"

"त्ये काय, त्ये. नारिंगी."

"येवढंच व्हय?"

"मला दाबू द्या बघू."

चार विश्वस्त होते आणि चार कोयऱ्या होत्या. वडीलकीच्या क्रमाने प्रत्येकाने चिमटा पुढच्या कोयरीला लावला आणि आपापला दिवा पेटवून, पेटता ठेवून, त्याचं कौतुक केलं. समोरच्या रांगांतले चेहरे माझ्या पलीकडे बघत होते. एका मुलीच्या चष्म्यात मला नारिंगी ठिपका दिसल्यासारखा वाटला. पण तो माझ्या फेट्याचाही असेल.

मी वळू शकलो असतो. कापड फार तर जमिनीवर पडलं असतं, तीनशे माणसं हसली असती. मी उभा राहिलो. फोटो झाला, नारळ हातात आला, टाळ्या झाल्या. मग मी वळलो. टेबलावर उघडी बरणी होती आणि चार करड्या कोयऱ्या.

पाहुणे बाराला दहा कमी असताना आले. ओवाळून घेऊन, सावकाश. त्यांच्यामागून ताट घेऊन गिरिजा आत आली आणि दारातूनच तिची नजर टेबलावर गेली. साहेबांनी बटण दाबलं. थांबले. पुन्हा दाबलं.

"काय व्हायला पाहिजे आता?" त्यांनी हळूच विचारलं.

"झालं साहेब," प्राचार्य म्हणाले, आणि टाळ्या वाजवायला लागले.

गिरिजा ताट खाली ठेवून जिन्याकडे निघाली होती, राखीव काच आणायला. पण तोवर पडद्यामागून समई आली. ती आधीच पेटवून तयार ठेवलेली होती. पाहुण्यांनी तिच्यात काडी लावल्यासारखं केलं आणि विज्ञानाने अंधार कसा दूर होतो यावर चाळीस मिनिटं बोलले.

नंतर प्राचार्य गिरिजाला म्हणाले, "सोमवारी समितीची बैठक आहे. त्यांना दाखवा. तेव्हा खोलीचं बघू."

रविवार

गाडी दुपारची होती. निघण्यापूर्वी आम्ही पुन्हा वर गेलो. दुसरी बरणी कपाटात तशीच होती. गिरिजाने पडदा ओढला, बॅटरी घेतली, झाकणावर हात ठेवला आणि थांबली.

"काल तू तरी पाहिलास ना?"

तिने ही बरणी माझ्यासाठी उघडली असती. शेजारच्या तीन कोयऱ्यांना हवा लागली असती, आणि सोमवारी समितीपुढे काय पेटलं असतं ते कुणी सांगावं. खोली त्यावर होती. बारा वर्षं मी जे पाहायला निघालो होतो ते माझ्यापासून हातभर अंतरावर होतं.

"पाहिला," मी म्हणालो.

"कसा होता?"

"संत्र्याच्या सालीसारखा."

"आणि शेपटी? वळलेली दिसली?"

"दिसली. अगदी टोकापर्यंत."

तिने हात काढला आणि बरणी परत कपाटात ठेवली. "तात्यांना सांगतो," ती म्हणाली. "खूश होतील."

स्टेशनवर ती आली नाही. प्रात्यक्षिकांच्या वह्या तपासायच्या होत्या. अव्वांनी बांधून दिलेली भाकरी पुण्यापर्यंत पुरली. फेटा बॅगेत, बॅग मांडीवर. नागपुरात बायकोने विचारलं, कसा होता तो दिवा? मी म्हणालो, छान होता. एकच उत्तर दोन ठिकाणी देता येणं सोयीचं असतं.

एप्रिलात पत्र आलं. ते इथे थोडं उतरवतो.

'समिती आली नाही. गणसंख्या झाली नाही म्हणून बैठक खालीच तहकूब झाली. मग दुसरी काच मी एकटीने लावली. चौदा मिनिटं टिकली, आतापर्यंतची सगळ्यात जास्त. कोयरी फार सुरेख दिसते विलास. फक्त तिची शेपटी पेटत नाही. तात्यांचा कोपरा इतका बारीक आहे की तिथपर्यंत धातू धड बसतच नाही. चारही कोयऱ्यांत तेच. दोन मिनिटं मी तुझ्यावर चिडलो, मग उरलेली बारा मिनिटं उजेड बघितला. पुढच्या वेळी मीच फाटकावर जाणार नाही, आणि तू फेटा बांधून घेऊ नकोस.'

मी ते कितीदा वाचलं हे मोजलेलं नाही, मोजणं हा माझा व्यवसाय असूनही. खाली सही होती, आणि सहीच्या खाली या वेळी आकडा नव्हता. खोलीबद्दल दोन ओळी होत्या. खोली तिच्याकडेच राहिली. संगणकांसाठी संस्थेने स्वतःच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी टेबलं जोडून घेतली होती, ती आडवी, उभी, तिरकी करून पाहिली, पण अरुंद व्हरांड्यात वळून दारातून आत जाईनात. टेबलं साडेतीन फुटांची आहेत आणि दार तीन फुटांचं.